पायांना काम नसतं तेव्हा

१९ जून १९७० रोजी सोयूझ-९ ची कुपी पॅराशूटला लटकत कझाकस्तानातल्या माळावर उतरली. आत आंद्रियान निकोलायेव आणि विताली सेवास्त्यानोव होते. जवळपास १८ दिवस ते पृथ्वीभोवती फिरत राहिले होते. तोवर इतके दिवस अंतराळात कोणीच काढले नव्हते. अमेरिकेचा १४ दिवसांचा विक्रम त्यांनी मागे टाकला होता. पण विक्रमवीर कुपीबाहेर आले ते दुसऱ्यांच्या आधारानं. पायांवर उभं राहणं त्यांना जमत नव्हतं. पुढचे काही दिवस नुसतं पलंगावर पडून राहिलं तरी कोणीतरी अंगावर भार टाकून दाबून धरलंय असं त्यांना वाटत राहिलं. निकोलायेव मूळचे लढाऊ विमानांचे वैमानिक. आठ वर्षांपूर्वी व्होस्टोक-३ मधून चार दिवसांची फेरी मारून ते ठणठणीत परतले होते. म्हणजे माणूस तोच होता. फरक पडला होता तो दिवसांच्या संख्येत.

१५ जुलै २०२५ च्या दुपारी भारतातल्या घराघरांत टीव्हीसमोर माणसं बसली होती. अमेरिकेत सॅन दिएगोजवळच्या समुद्रात ड्रॅगन यान उतरलं, जहाजावर ओढून घेतलं गेलं, दार उघडलं आणि भारतीय अंतराळवीर शुभांशु शुक्ला बाहेर आले. दोन्ही बाजूंनी त्यांना माणसांनी धरलं होतं. पाय जरा डगमगत होते, पण ते उभे होते, हसत होते, हात हलवत होते. त्यांचा प्रवास २० दिवसांचा, म्हणजे सोयूझ-९ पेक्षा दोन दिवसांनी जास्तच.

या दोन दृश्यांमध्ये ५५ वर्षं आहेत. या काळात माणसाचं शरीर बदललेलं नाही. बदललं आहे ते त्याच्याबद्दलचं ज्ञान, आणि त्यातलं बरंचसं अंतराळवीरांनी आपल्या हाडामांसाची किंमत मोजून मिळवलेलं आहे.

दोन लिटर पाणी वरच्या मजल्यावर

शुक्ला जिथं राहून आले ते आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक जमिनीपासून सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर फिरतं. तिथं गुरुत्वाकर्षण संपलेलं असतं, हा समज फार पसरलेला आहे. खरं तर त्या उंचीवर पृथ्वीची ओढ जमिनीवरच्या ओढीच्या जवळपास ९० टक्के असते. स्थानक ताशी सुमारे २८ हजार किलोमीटर वेगानं पुढे धावतं आणि त्याच वेळी पृथ्वीकडे पडतही असतं. जितकं ते पडतं, तितकीच खालची गोल जमीनही वळून दूर गेलेली असते. म्हणून ते कधी खाली आपटत नाही. त्याच्याबरोबर आतली माणसं, भांडी, पाण्याचे थेंब, सगळंच पडत असतं. पायाखाली रेटून धरणारी जमीन नसल्यामुळे वजन जाणवत नाही. शास्त्रज्ञ या अवस्थेला सूक्ष्मगुरुत्व म्हणतात.

शरीराला हा बदल कळायला काही मिनिटं पुरतात. जमिनीवर उभं असताना रक्त आणि पेशींमधलं पाणी पायांकडे ओढलं जातं. ते वर ढकलण्यासाठी शिरांमध्ये झडपा आहेत, पोटऱ्यांचे स्नायू आहेत, रक्तवाहिन्या आवळणारी यंत्रणा आहे. कक्षेत पोहोचल्यावर ओढ जाते, पण ही यंत्रणा आपलं काम चालूच ठेवते. परिणामी सुमारे दोन लिटर द्रव पायांतून निघून छाती-डोक्याकडे सरकतो. चेहरा सुजतो, डोळ्यांखाली फुगवटा येतो, नाक चोंदतं आणि पाय बारीक दिसायला लागतात. स्थानकावर पोहोचल्या पोहोचल्याच शुक्लांनी डोकं जड झाल्याचं सांगितलं होतं. दोन दिवसांनी पंतप्रधानांशी बोलताना ते म्हणाले की, मी पाय बांधून उभा आहे, नाहीतर वर जाईन. स्थानकावर पायांना एवढंच काम उरतं: कुठल्या तरी दांडीखाली पाऊल अडकवून शरीर जागेवर ठेवायचं. लांबच्या मुक्कामात तळव्यांची जाड कातडी सोलून निघते आणि दांडीला घासून घट्टे पडतात ते पावलांच्या वरच्या बाजूला.

शुक्लांनी सोबत गाजराचा हलवा, मुगाचा हलवा आणि आमरस नेला होता. घरचं जेवण तिथं किती हवंहवंसं वाटत असेल, हे नाक चोंदलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको. वास येत नाही, म्हणून चव लागत नाही. स्थानकावर तिखट सॉसच्या बाटल्यांना कायम मागणी असते ती याचमुळे.

द्रवाच्या याच सरकण्यामुळे २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये मोठा गोंधळ उडाला. स्थानकावर असलेल्या अमेरिकी अंतराळवीर सुनीता विल्यम्स यांचा एक फोटो जगभर फिरला. त्यात गाल बसल्यासारखे आणि डोकं मोठं दिसत होतं. त्या उपाशी आहेत, खंगत चालल्या आहेत, अशा बातम्या झाल्या. त्यांनी स्थानकावरूनच खुलासा केला की इथं आले तेव्हा जेवढं वजन होतं तेवढंच आहे, द्रव वर सरकल्यामुळे शरीर वेगळं दिसतंय आणि व्यायामामुळे मांड्या उलट भरल्या आहेत.

पण जिथं काट्यावर उभंच राहता येत नाही, तिथं वजन मोजतात कसं? अंतराळवीर स्प्रिंगला जोडलेल्या एका उपकरणाला अंग आवळून धरतो. स्प्रिंग सोडली की उपकरण माणसासकट हलतं. वस्तुमान जास्त असेल तर हालचाल संथ, कमी असेल तर झटपट. न्यूटनचा दुसरा नियम वापरून त्या हालचालीवरून किलो काढले जातात. शाळेत फळ्यावर पाठ केलेलं सूत्र इथं एका बाईचं खाणंपिणं नीट चाललंय की नाही ते सांगतं.

वर सरकलेल्या द्रवाचा शरीर आपल्या परीनं अर्थ लावतं. छातीत रक्त जास्त भरलेलं दिसलं की त्याला वाटतं, एकूण पाणीच फार झालंय. तहान कमी होते आणि काही दिवसांत रक्तातला पातळ भाग घटतो. तांबड्या पेशीही मोडीत काढल्या जातात. कॅनडात ओटावाच्या गाय ट्रुडेल यांच्या गटानं १४ अंतराळवीरांच्या श्वासातला कार्बन मोनॉक्साईड मोजून हे तपासलं. त्यांचा निबंध २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. पृथ्वीवर शरीर दर सेकंदाला साधारण २० लाख तांबड्या पेशी नष्ट करतं. अंतराळात हा आकडा ३० लाखांवर जातो, आणि तो सहा महिन्यांच्या मुक्कामभर तसाच चढा राहतो.

तिथं राहण्यापुरतं हे सगळं बरोबरच आहे. त्रास सुरू होतो परतीच्या दिवशी. कमी झालेलं रक्त एकदम पायांत उतरतं, मेंदूला पुरेसं मिळत नाही आणि उभं राहिलेला माणूस भोवळ येऊन पडू शकतो. म्हणून निघण्याआधी अंतराळवीर मिठाच्या गोळ्या घेऊन त्यावर पाणी पितात आणि पाय व पोट आवळून धरणारे कपडे घालतात. रशियन अंतराळवीर त्याआधीचे काही दिवस ‘चिबिस’ नावाच्या पाटलोणीत पाय घालून बसतात. तिच्यातली हवा ओढून घेतली की रक्त खाली खेचलं जातं आणि हृदयाला पुन्हा पायांची सवय होऊ लागते.

पहिले तीन दिवस

अंतराळात आजारी पडलेला पहिला माणूस होता गेर्मान तितोव. ऑगस्ट १९६१ मध्ये, वयाच्या २५ व्या वर्षी, तो व्होस्टोक-२ मधून गेला आणि एक दिवसाहून जास्त काळ कक्षेत राहिला. त्याच्या आधी गेलेल्या युरी गागारीनची फेरी दोन तासांतच आटोपली होती, त्यामुळे हा प्रकार कोणाच्या ध्यानात येण्याचा प्रश्नच नव्हता. तितोवला मळमळलं, उलटी झाली. पुढे अनुभवानं कळलं की दर दहांतल्या साधारण सात अंतराळवीरांना पहिल्या दोन-तीन दिवसांत कमी-अधिक प्रमाणात हा त्रास होतो, आणि निष्णात चाचणी-वैमानिकही त्यातून सुटत नाहीत.

याचं मूळ कानात आहे. अंतर्कर्णात एका चिकट पडद्यावर कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक खडे असतात. डोकं वाकलं की खडे ओघळतात, खालचे केस वाकतात आणि ‘खाली’ कुठे आहे ते मेंदूला कळतं. भारहीन अवस्थेत हे खडे ओघळतच नाहीत. डोळे म्हणतात छत तिकडे आहे, कान म्हणतात काहीच हललेलं नाही, आणि तेवढ्यात सहकारी समोर उलटा तरंगत येतो. मेंदूला ही विसंगती सोसत नाही. मग काही दिवसांनी तो कानावर विश्वास ठेवणं सोडून देतो आणि मळमळ थांबते.

इथंही हिशेब चुकता करावा लागतो तो परतल्यावर. कान पुन्हा बोलू लागतो, पण मेंदू ऐकायला तयार नसतो. मान वळवली की खोली फिरते, कोपऱ्यावर वळताना माणूस भिंतीला आपटतो. हातांच्या सवयी तर आणखी हट्टी असतात. पृथ्वीवर परतल्यावर शुक्लांनी लॅपटॉपवरचं काम संपवलं, तो मिटला आणि पलंगाच्या कडेला हवेत सोडून दिला. तिथंच तरंगत राहील या खात्रीनं. खाली गालिचा होता म्हणून निभावलं. फोटो काढायला हातात घेतलेला मोबाईलही त्यांना कमालीचा जड लागला होता.

हाडांचं कॅल्शियम यंत्रात

बाहेरून न दिसणारं नुकसान हाडांचं. हाड ही निर्जीव काठी नव्हे. राहत्या वाड्याची डागडुजी चालू असावी तसं तिथं सतत काम सुरू असतं: एका प्रकारच्या पेशी जुना भाग उकरतात, दुसऱ्या नवा भरतात. कुठे भर घालायची हे भारावरून ठरतं. चालताना, जिना चढताना खुब्याला आणि मांडीच्या हाडाला बसणारे धक्के हाच तो निरोप असतो. अंतराळात निरोप येणं थांबतं. उकरणाऱ्या पेशी कामावर राहतात, भरणाऱ्या मंदावतात. व्यायाम पुरेसा झाला नाही तर खुब्यासारख्या भार पेलणाऱ्या हाडांची घनता महिन्याला १ ते दीड टक्क्यानं घटते. जमिनीवर हाडं ठिसूळ होत चाललेल्या वयस्कर बाईची साधारण एवढीच झीज व्हायला वर्ष लागतं.

हाडातून निघालेलं कॅल्शियम रक्तात जातं आणि तिथून लघवीत. म्हणून अंतराळवीरांना मुतखड्याचा धोका असतो. पण त्याचा सर्वांत स्पष्ट पुरावा मिळाला तो एका यंत्रात. स्थानकावर लघवी शुद्ध करून पिण्याचं पाणी बनवणारी यंत्रणा बसवली गेली, आणि थोड्याच काळात तिच्या आत कॅल्शियम सल्फेटचा साका धरून ती बंद पडली. अभियंत्यांनी हिशेब केला होता तो पृथ्वीवरच्या माणसांच्या लघवीवरून. स्थानकावरच्या माणसांच्या लघवीत कॅल्शियम त्याहून कितीतरी जास्त निघालं. अंतराळवीरांच्या हाडांतला चुना अक्षरशः नळ्यांमध्ये जाऊन बसला होता. पुढे काही काळ तर यंत्रानं पाणी किती परत मिळवायचं याचं प्रमाणच कमी करावं लागलं.

गेलेलं हाड परत येतं का? येतं, पण सगळ्यांचं नाही आणि सगळं नाही. कॅनडातल्या कॅल्गरी विद्यापीठाच्या संशोधकांनी १७ अंतराळवीरांच्या नडगीच्या हाडाचा वर्षभर पाठपुरावा केला. परतून वर्ष झालं तरी नऊ जणांचं हाड पूर्ववत झालं नव्हतं. ज्यांचा मुक्काम सहा महिन्यांहून लांबला होता, त्यांच्यात कायमची राहिलेली तूट वयाप्रमाणे होणाऱ्या सुमारे दहा वर्षांच्या झिजेएवढी होती.

स्नायूंचं नुकसान त्याहून लवकर होतं आणि सुदैवानं भरूनही लवकर येतं. पोटऱ्या, मांड्या, पाठीचा कणा ताठ ठेवणारे स्नायू हे सगळे जमिनीवर दिवसभर आपल्या नकळत राबत असतात. ते बसून राहिले की आठवड्या-दीड आठवड्यातच त्यांचा २० टक्क्यांपर्यंत भाग झडू शकतो. मधल्या काळात कणा मात्र सुटा होतो. मणक्यांमधल्या गाद्यांवरचा दाब जातो, त्या फुगतात, उंची वाढते आणि पहिल्या दिवसांत निम्म्याहून जास्त जणांची पाठ दुखते. जपानचे नोरिशिगे कानाई यांनी २०१८ मध्ये आपली उंची नऊ सेंटिमीटरनं वाढल्याचं जाहीर केलं होतं. परतीच्या सोयूझ यानातली आसनं अंगाच्या मापानं घडवलेली असतात, म्हणून ते काळजीत पडले. पुन्हा मोजल्यावर वाढ दोनच सेंटिमीटर निघाली.

बंगळुरूच्या इनस्टेम या संस्थेचा स्नायूंच्या मूळ पेशींवरचा प्रयोग शुक्लांनी स्थानकावर केला तो याच प्रश्नासाठी. भारहीन अवस्थेत नवा स्नायू घडण्याची क्रिया नेमकी कुठे अडते, हे कळलं तर औषधाची दिशा सापडेल, आणि म्हातारपणी झडणाऱ्या स्नायूंनाही तिचा उपयोग होईल.

रोज दोन तास घाम

सोयूझ-९ च्या धक्क्यानंतर सोव्हिएत डॉक्टरांनी व्यायाम हा औषधासारखा लिहून द्यायला सुरुवात केली. पुढच्याच वर्षी सॅल्यूत-१ या पहिल्या अंतराळ स्थानकात ट्रेडमिल गेली. ‘पिंग्विन’ नावाचा पोशाख आला. त्यात शिवलेल्या रबरी पट्ट्या अंगाला सतत आवळून धरतात, त्यामुळे सरळ राहायलाही स्नायूंना जोर लावावा लागतो.

भारताचे अंतराळवीर राकेश शर्मा यांनी एप्रिल १९८४ मध्ये सॅल्यूत-७ वर योगासनं केली ती याच शोधाचा भाग म्हणून. आसनांनी भारहीनतेचे परिणाम कमी होतात का, हे पाहायचं होतं. पण जमिनीवर आसन करताना शरीराचा भारच स्नायूंना ताण देतो आणि तिथं तोच नव्हता. म्हणून ताणल्या जाणाऱ्या पट्ट्या अंगाला बांधून त्यांनी आसनं केली. तेव्हा स्थानकावर ओलेग अत्कोव हे हृदयरोगतज्ज्ञही मुक्कामाला होते. शर्मा ज्या कुपीतून परतले ती दिल्लीच्या नेहरू तारांगणात ठेवली गेली. वातावरणात शिरताना होरपळलेली, जेमतेम दोन मीटर रुंदीची ती कुपी पाहिली की तिघे जण तिच्यात गुडघे पोटाशी घेऊन कसे मावले असतील याचा अंदाज येतो. आणि वर राहून कमजोर झालेलं शरीर याच जागेत, कित्येक पट वाढलेल्या भाराखाली, खाली आणायचं असतं.

आजच्या स्थानकावर व्यायामासाठी रोज दोन ते अडीच तास राखून ठेवलेले असतात, त्यात तयारी आणि आवराआवरही आली. वजन उचलण्याच्या व्यायामासाठी तिथल्या यंत्रात लोखंडी वजनं ठेवून काही उपयोग नसतो, कारण ती तरंगतील. त्याऐवजी निर्वात केलेल्या दोन नळकांड्यांमध्ये दट्ट्या बसवलेला असतो. दांडी खांद्यावर घेऊन उठाबशा काढताना हा दट्ट्या बाहेर ओढावा लागतो, आणि त्याचा विरोध २७० किलोंपर्यंत वाढवता येतो. २००८ मध्ये हे यंत्र बसवल्यानंतर पुरेसं खाणारे आणि नियमानं व्यायाम करणारे अंतराळवीर हाडं पूर्वीपेक्षा कितीतरी बऱ्या अवस्थेत परत आणू लागले. संपूर्ण यंत्र धक्के शोषणाऱ्या बैठकीवर असतं. तसं नसतं तर एका माणसाच्या उठाबशांनी स्थानक हादरलं असतं आणि शेजारचे नाजूक प्रयोग बिघडले असते.

ट्रेडमिलवर पळायला खांद्यांवर आणि कमरेला पट्टे बांधून शरीर खाली ओढून धरावं लागतं. एप्रिल २००७ मध्ये सुनीता विल्यम्स अशाच बांधलेल्या अवस्थेत बोस्टन मॅरेथॉन पळाल्या. खाली बोस्टनमध्ये शर्यत चालू असताना त्यांनी वर ४२ किलोमीटर सुमारे ४ तास २४ मिनिटांत पूर्ण केले. पट्टे खांद्यांना काचतात, घाम ओघळत नाही, कातडीवरच थर धरून वाढत राहतो आणि तो टॉवेलनं टिपून घ्यावा लागतो. हे महिनोन्‌महिने, एकही दिवस न चुकवता करायला फार मोठी चिकाटी लागते. वालेरी पोल्याकोव या डॉक्टर अंतराळवीरानं मीर स्थानकावर सलग ४३७ दिवस काढले आणि मार्च १९९५ मध्ये उतरल्यावर कुपीपासून जवळच्या खुर्चीपर्यंत तो स्वतःच्या पायांनी चालत गेला. माणूस मंगळापर्यंत जाऊन उतरू शकतो, हे त्याला दाखवून द्यायचं होतं.

मानेतली गाठ, डोळ्यातली सूज

व्यायामानं सगळं सुटत नाही, हे कळायला आणखी काही वर्षं गेली. २००९ मध्ये मायकेल बॅरट आणि रॉबर्ट थर्स्क हे दोघे स्थानकावर होते, दोघेही डॉक्टर. जवळचं वाचायला त्रास होतोय, हे दोघांच्याही लक्षात आलं. त्यांनी एकमेकांचे डोळे तपासले, सोनोग्राफी केली आणि निष्कर्ष खाली पाठवले. दृष्टीची नस डोळ्यात शिरते तिथं सूज होती आणि डोळ्याच्या गोळ्याची मागची बाजू चपटी झाली होती. गोळा चपटा झाला की जवळचं धूसर दिसतं. लांबच्या मोहिमांवर आता जास्तीचे चष्मे जातात आणि डोळ्यांची तपासणी नियमित होते. वर सरकलेला द्रव आणि त्यानं बदललेला दाब हेच याचं मुख्य कारण मानलं जातं.

त्याहून धडकी भरवणारी गोष्ट सापडली मानेत. संशोधनासाठी ११ अंतराळवीरांच्या मानेतल्या मोठ्या शिरेची सोनोग्राफी केली तेव्हा सहा जणांत रक्त एकतर साचून राहिलेलं होतं किंवा उलटं वाहत होतं. एका व्यक्तीच्या शिरेत तर गुठळीच दिसली. मुक्कामाला दोन महिने झाले होते आणि त्या व्यक्तीला कसलाही त्रास होत नव्हता. तपासणी झाली नसती तर कळलंही नसतं. गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर जीव जाऊ शकतो, आणि रक्त पातळ करायचं तर एखादी जखम जिवावर बेतू शकते. जवळचं रुग्णालय ४०० किलोमीटर खाली.

नासानं नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातले रक्ततज्ज्ञ स्टीफन मोल यांचा सल्ला घेतला. स्थानकावर एनॉक्सापेरिनची इंजेक्शनं होती, पण मोजकीच, आणि सिरिंजही मोजक्याच. त्यातच बाटलीतून औषध सिरिंजमध्ये ओढणं हीच परीक्षा. भारहीन अवस्थेत द्रव तळाशी बसत नाही, तो बाटलीच्या बाजूंना चिकटून राहतो आणि हवा मध्ये येते. महिनाभरानंतर मात्रा कमी करून साठा पुरवला गेला. मग मालवाहू यानातून तोंडानं घेण्याच्या गोळ्या आल्या. रुग्ण स्वतःच मानेवर सोनोग्राफीचा दांडा फिरवत असे आणि पृथ्वीवरचा तंत्रज्ञ पडद्यावर बघून थोडं डावीकडे, थोडं वर असं सांगत असे. उपचार तीन महिन्यांच्या आसपास चालले, उतरण्याच्या चार दिवस आधी थांबवले गेले आणि परतल्यानंतर दहा दिवसांत गुठळी नाहीशी झाली. त्या अंतराळवीराचं नाव जाहीर झालेलं नाही आणि तेच योग्य आहे. तिथली माणसं स्वतःच्या शरीराचा अभ्यास होऊ देतात, म्हणून त्यांचं खासगीपण जपलं जाणं हा त्यांचा हक्कच आहे.

अंथरुणाला खिळलेली निरोगी माणसं

अंतराळात जाणारे फार थोडे, म्हणून अभ्यास जमिनीवरही चालतो. जर्मनीत कलोन शहरात तिथल्या अंतराळ संस्थेची एक इमारत आहे. तिथं निरोगी स्वयंसेवक डोक्याच्या बाजूनं ६ अंश उतरत्या पलंगावर ६० दिवस पडून राहतात. जेवण, आंघोळ, नैसर्गिक विधी, सगळं आडव्यानंच. एक खांदा कायम गादीला टेकलेला असावा, असा नियम. काही दिवसांत त्यांचे चेहरे सुजतात, पुढे पोटऱ्या झडतात, लघवीत कॅल्शियम वाढतं. २०१९ च्या प्रयोगात काही जणांना रोज अर्धा तास फिरत्या यंत्रावर गरगर फिरवून कृत्रिम भार दिला गेला. तेवढ्यानं झोपून राहण्याचं नुकसान भरून निघालं नाही.

हे वाचताना घरातलं कोणीतरी आठवणं साहजिक आहे. खुब्याचं हाड मोडून महिना-दीड महिना पडून राहिलेली आजी, आयसीयूमधून आलेला आणि उभा राहताच भोवळणारा काका. हाड जुळलं तरी आजी पूर्वीसारखी चालत नाही, ती मनानं खचली म्हणून, असं नातेवाईक म्हणतात. तिच्या पोटऱ्यांचं, रक्ताचं आणि कानातल्या तोलाचं जे होतं ते कक्षेतल्या निरोगी वैमानिकाचंही होतं. फिजिओथेरपिस्ट शस्त्रक्रियेच्या दुसऱ्याच दिवशी तिला पलंगाच्या काठावर बसवायला येतो, तेव्हा दुखतंय तर राहू द्या, असं म्हणून त्याला परत पाठवणं महागात पडतं.

उतरल्यावर उचलायला कोण?

कझाकस्तानात सोयूझ उतरलं की काही वर्षांपूर्वीपर्यंत जवळच तंबूत चाचण्या घेतल्या जात. उतरून तास-दोन तासही झालेले नसत. खुर्चीवरून उठा. पालथे पडा आणि स्वतः उभे राहा. पावलाला पाऊल लावून सरळ रेषेत चाला. सहा महिने ताशी २८ हजार किलोमीटरनं प्रवास केलेल्या माणसाला एवढंही जमत नाही. काहींना तर त्यातच उलट्या होत. मंगळाचा विचार करणाऱ्यांना हेच पाहायचं होतं. मंगळापर्यंत जायला सहा ते नऊ महिने लागतात. तिथं गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या ३८ टक्के आहे, पण कुपीचं दार उघडायला आणि बगलेत हात घालून उचलायला कोणी नसेल. उतरणाऱ्यानंच दार उघडायचं, पोशाख चढवायचा आणि काही बिघडलं असेल तर दुरुस्त करायचं.

भारताच्या गगनयान या मोहिमेचा प्रश्न वेगळा आहे आणि भारतात त्याची चर्चा फार कमी होते. प्रशांत बालकृष्णन नायर, अजित कृष्णन, अंगद प्रताप आणि शुभांशु शुक्ला या चौघांची मोहिमेसाठी निवड झाली. योजना आहे ती ४०० किलोमीटर उंचीवर तीन दिवस राहून समुद्रात उतरण्याची. तीन दिवसांत हाडं झिजणार नाहीत, डोळे बिघडणार नाहीत. पण द्रव वर सरकणं आणि अंतर्कर्णाचा गोंधळ यांचा जोर नेमका याच तीन दिवसांत असतो. शरीर तिथं रुळायला लागेल तोवर परतायची वेळ झालेली असेल, आणि उतरल्यावर कुपी लाटांवर डुलत असेल. अमेरिकेच्या स्पेस शटलच्या काळात नियम होता की पहिल्या तीन दिवसांत कोणालाही यानाबाहेर स्पेसवॉकला पाठवायचं नाही, कारण हेल्मेटमध्ये उलटी झाली तर माणूस गुदमरू शकतो. भारताची पहिली समानव मोहीम त्या तीन दिवसांतच सुरू होऊन संपणार आहे. त्यामुळे कोणत्या तासाला कोणतं काम द्यायचं, मळमळीचं औषध केव्हा टोचायचं आणि समुद्रात कुपीचं दार उघडायला किती वेळ लागला तर चालेल, हे डॉक्टरांना उड्डाणाआधीच ठरवून ठेवावं लागेल.